‘जपानचा कित्ता’ : मराठी उद्योगवाङ्मयातील एका रूपकाची चिकित्सा
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

१

विसाव्या शतकाच्या आरंभापासून मराठी उद्योगविषयक लेखनात ‘जपान’ हे नाव दोन रूपांनी वावरत आले आहे. एक रूप देशाचे, दुसरे दृष्टान्ताचे. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हापासून दुसरे रूप पहिल्यावर मात करीत गेले. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानी महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि तिच्यातून १९१६ मधील महिला विद्यापीठाच्या स्थापनेला प्रेरणा मिळाली. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची (१९०८) तांत्रिक धुरा ज्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी वाहिली, त्यांनी काचविद्येचे शिक्षण जपानमध्येही घेतले होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान बाजारात ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू माल असा अर्थ रूढ होता. पुढे १९५२-५३ च्या सुमारास ‘जपानी भातशेती’ हा शब्दप्रयोग सरकारी पत्रकांतून खेडोपाडी गेला आणि ‘जपानी’ या विशेषणाला ‘शास्त्रशुद्ध’ असा अर्थ प्राप्त झाला. एकच विशेषण पाव शतकात निंदेकडून स्तुतीकडे वळते, तेव्हा तो बदल जपानपुरता नसतो. विशेषण वापरणाऱ्या समाजाच्या गरजांचाही तो निदर्शक असतो.

या साऱ्या उल्लेखांना एकत्र बांधणारे रूपक म्हणजे ‘कित्ता’. जपानचा कित्ता गिरवावा, असा उपदेश मराठी वाचकाने शाळेच्या व्यासपीठापासून कारखान्याच्या वर्धापनदिनापर्यंत सर्वत्र ऐकलेला आहे. प्रस्तुत लेखात या रूपकाची चिकित्सा करावयाची आहे. कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या जिल्ह्यांची निवड त्यासाठी सहेतुक केली आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या एकाच मुलखात मराठी उद्योगवाङ्मयाचे माहेरघर किर्लोस्करवाडी आहे, काचधंद्याची ओगलेवाडी आहे, सहकारी साखर कारखान्यांची मालिका आहे आणि पोटासाठी घर सोडणाऱ्यांची मोठी परंपराही आहे. रूपक खरे किती हे येथे घासून पाहता येते.

२

‘कित्ता’ हा शब्द लेखनाच्या शाळेतला. गुरूने वळणदार अक्षर काढून द्यावे व विद्यार्थ्याने त्यावरून हात फिरवावा. या कल्पनेत तीन गृहीते दडलेली आहेत : नमुना पूर्ण झालेला आहे, नमुना एकच आहे, आणि गिरवणाऱ्याचे यशापयश त्याच्या चिकाटीवर अवलंबून आहे. अक्षर बिघडले तर दोष हाताचा. कागदाचा, शाईचा वा शाळेचा नव्हे. ‘जपानचा कित्ता’ म्हणताना ही तिन्ही गृहीते नकळत स्वीकारली जातात. परिणामी जपानच्या उत्कर्षाची कारणे गुणांत शोधली जातात : उद्यमशीलता, शिस्त, काटकसर, देशप्रेम. धोरण, करपद्धती, भांडवल, जकात यांना या यादीत जागा उरत नाही.

या विचारसरणीला भाषेच्या घडणीचेही साहाय्य होते. ‘जपानने प्रगती केली’ हे वाक्य पाहावे. व्याकरणदृष्ट्या हा कर्मणि प्रयोग. क्रियापद ‘प्रगती’प्रमाणे चालते, आणि तृतीयेतील कर्ता ‘जपान’ हा अखंड, एकवचनी, जणू एक माणूसच असतो. पण ही प्रगती कोणी केली? १८७३ च्या जमीन-महसूल सुधारणेने जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के इतका रोख कर बसवला आणि आरंभीच्या दशकांत मेइजी शासनाचे बहुतांश उत्पन्न याच करातून आले. शेतकऱ्यांचे उठाव झाल्यावर १८७७ मध्ये हा दर २.५ टक्क्यांवर आणावा लागला. कच्चे रेशीम ही अनेक दशके जपानची प्रमुख निर्यात होती. ते रेशीम उकलणारे हात खेड्यांतून आणलेल्या मुलींचे होते. कापड गिरण्यांतील अशाच स्त्री-कामगारांची दैन्यकथा होसोई वाकिझो याने १९२५ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. शेतकऱ्यांनी कर भरला, मुलींनी रेशीम उकलले, शासनाने तो पैसा शाळांत, रेल्वेत, नमुना-कारखान्यांत आणि सैन्यातही घातला. ही तीन वाक्ये ‘जपानने’ या एका पदात गुंडाळली की कर्ते नाहीसे होतात, आणि कर्त्यांबरोबर किंमतही नाहीशी होते.

आणखी एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. जपानने स्वतः कित्ता गिरवला काय? १८७२ मध्ये शासनाने तोमिओका येथे फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना याच्या देखरेखीखाली रेशमाचा नमुना-कारखाना उभारला. यंत्रे फ्रेंच, पद्धती फ्रेंच. परंतु रेशीमधंदा फोफावला तो सुवा परिसरातील लहान कारखान्यांत. तेथील धंदेवाल्यांनी लोखंड-पितळेऐवजी लाकूड व मातीची भांडी वापरून तीच कृती कितीतरी स्वस्तात बसवली. नमुना-कारखाना मात्र १८९३ मध्ये मित्सुई घराण्यास विकला गेला. कित्ता शासनाने घालून दिला. यश कित्त्याचे वळण मोडणाऱ्यांना मिळाले. शासनाच्या पुढाकाराविना दुसरी गोष्ट घडली नसती, आणि नुसत्या अनुकरणाने पहिलीचा उपयोग झाला नसता. हा दुहेरी संबंध रूपकात मावत नाही.

३

आता किर्लोस्करवाडीकडे वळावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा बेळगावचा सायकलदुरुस्तीचा व्यवसाय, लोखंडी नांगराचा ध्यास, लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे न विकले गेलेले पहिले नांगर, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर वसवलेली वसाहत ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. तिचे प्रमाणभूत कथन शं. वा. किर्लोस्कर यांच्या ‘यांत्रिकाची यात्रा’ या चरित्रात आहे. त्यांनीच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. १९२९ मध्ये ते ‘किर्लोस्कर’ झाले. पाठोपाठ ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके निघाली. एका आडबाजूच्या रेल्वे स्थानकाशेजारून मराठी मध्यमवर्गाची मनोभूमी घडवणारे वाङ्मय प्रसिद्ध होत राहिले, ही घटना वाङ्मयेतिहासात असाधारण आहे.

या वाङ्मयाचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. हाताने काम करणे हलके, ही समजूत जातिव्यवस्थेने दृढ केलेल्या समाजात ‘यांत्रिक’ हे विशेषण नाम झाले आणि ते नाम प्रतिष्ठित झाले. भट्टी, साचा, ओतकाम, कातकाम यांविषयी शुद्ध मराठीत लिहिता येते, हे या लेखकांनी दाखवून दिले. भाषेला कारखान्यात नेण्याचे हे कार्य विद्यापीठांनी केलेले नव्हते.

तथापि चरित्राच्या नावातच त्याच्या मर्यादेची खूण आहे. ‘यांत्रिकाची यात्रा’ : यात्रेकरू एक, वाट खडतर, निष्ठा अढळ, अंती फलप्राप्ती. संतचरित्राचा हा साचा उद्योगचरित्राने जसाच्या तसा उचलला. या साच्यात जे बाहेरून येते ते ‘कृपा’ म्हणून येते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळरानाची जमीन दिली व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. उद्योगवाङ्मयात या घटना राजांच्या औदार्याच्या म्हणून येतात. वस्तुतः अर्थशास्त्राच्या परिभाषेत पहिली घटना म्हणजे जमीन व प्रारंभिक भांडवल यांचा शासकीय पुरवठा, आणि दुसरी म्हणजे टंचाईच्या काळातील कच्च्या मालाचे शासकीय वाटप. मेइजी शासनाने ‘शोकुसान कोग्यो’, म्हणजे उत्पादनवृद्धी व उद्योगप्रवर्तन, या घोषणेखाली जे केले त्याचीच ही लहान प्रमाणावरील रूपे होत. फरक इतकाच की, तेथे त्यास धोरण म्हटले गेले आणि येथे औदार्य.

हा केवळ शब्दांचा फरक नव्हे. औदार्याची परतफेड कृतज्ञतेने होते. धोरणाचे मात्र परीक्षण होते, त्याची पुनरावृत्ती होते, त्याचा जाब विचारता येतो. औंधसारख्या चिमुकल्या संस्थानाला जे जमले ते शेजारच्या ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्यात का घडले नाही, हा खरा प्रश्न. चरित्राच्या साच्यात तो उद्भवतच नाही, कारण तेथे राजाच्या स्वभावाचे वर्णन केले की कारणमीमांसा संपते.

किर्लोस्करवाडीचा जपानशी प्रत्यक्ष संबंध पुढे आला, आणि तो उद्बोधक आहे. टोकियोच्या इंपीरियल विद्यापीठातील प्राध्यापक इनोकुची यांनी केंद्रोत्सारी पंपाविषयी सिद्धान्त मांडला व त्यांचा शिष्य हाताकेयामा याने १९१२ मध्ये त्या सिद्धान्ताच्या आधारे पंपांचा व्यवसाय सुरू केला. हीच पुढे एबारा कंपनी झाली. १९८८ मध्ये याच एबाराशी भागीदारी करून किर्लोस्करवाडीस संयुक्त कंपनी स्थापन झाली. दोन्ही उद्योगांच्या जन्मात अवघे दोन वर्षांचे अंतर. एकाच्या उगमाशी विद्यापीठातील संशोधन होते. दुसऱ्याच्या उगमाशी एका माणसाची जिद्द व एका संस्थानिकाचा आश्रय. दोघांच्या उद्यमशीलतेत उणेअधिक काय होते हे मोजता येणार नाही; पण एकाच्या पाठीशी विद्यापीठ होते व दुसऱ्याच्या पाठीशी नव्हते, हे मात्र सांगता येते. विद्यापीठाच्या पत्रिकेत तरी या फरकाची नोंद व्हावयास हवी.

४

कराडनजीकच्या ओगलेवाडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. काचधंद्यात त्या काळी भारतीय कारखान्यांचा प्रबळ प्रतिस्पर्धी जपान होता. म्हणजे व्यासपीठावर ज्याचा कित्ता गिरवावयाचा, बाजारात त्याच्याशीच झुंजावयाचे.

काचधंद्याला संरक्षण द्यावे की नाही, याची चौकशी जकात मंडळाने केली आणि १९३२ च्या अहवालात संरक्षणाची शिफारस केली. १९३५ मध्ये भारत सरकारने ती फेटाळली. कारण असे देण्यात आले की, काचेला लागणारा सोडा ॲश देशात पुरेसा होत नाही; सबब ‘विवेचक संरक्षणा’ची पहिली अट, म्हणजे कच्च्या मालाची नैसर्गिक अनुकूलता, पूर्ण होत नाही. आयात सोडा ॲशवरील जकातीत सवलत देऊन विषय मिटवण्यात आला.

या युक्तिवादाच्या शेजारी जपानचा सूतधंदा ठेवून पाहावा. जपानी गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः परदेशी होता. १८९३ मध्ये निप्पोन युसेन कैशा या जहाज कंपनीने टाटांच्या सहकार्याने मुंबई मार्ग सुरू केला तो भारतीय कापूस स्वस्तात नेण्यासाठी. १८९६ मध्ये कच्च्या कापसावरील आयात जकात रद्द करण्यात आली. विशेष म्हणजे परकीयांशी झालेल्या असमान तहांमुळे १९११ पर्यंत जपानला जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य नव्हते; पक्क्या मालावर हवी तशी जकात बसवणे त्यास शक्य नव्हते. जे हाती होते ते त्याने केले : कच्च्या मालाची वाट मोकळी केली. कच्चा माल देशात नाही ही बाब एका शासनाला धंद्याविरुद्धचा पुरावा वाटली. दुसऱ्या शासनाला ती सोडवण्याची अडचण वाटली.

ओगलेवाडीचा कारखाना पुढे बंद पडला, त्याचे कारण १९३५ चा निर्णय असे येथे सुचवावयाचे नाही. तो निर्णय आणि कारखान्याची अखेर यांच्यात अनेक दशकांचे अंतर आहे. मुद्दा कथनाचा आहे. कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे श्रेय गुणांना दिले जाते. बंद पडला की ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे सुभाषित उच्चारले जाते. दोन्ही वेळी धोरण निर्दोष सुटते. यशाची गुणवाचक मीमांसा करणाऱ्यास अपयशाची दोषवाचक मीमांसा करावीच लागते, आणि तो दोष अखेर एका समाजाच्या माथी मारला जातो. ‘कित्ता’ या रूपकाचा सर्वांत घातक परिणाम हाच होय.

५

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, राजारामबापू पाटील ही या परिसरातील नावे आणि धनंजयराव गाडगीळ यांचा विचार यांतून सहकारी साखर कारखानदारी वाढली. येथे शासन औदार्याच्या रूपाने आले नाही. भागभांडवल, कर्जाची हमी, परवान्यांतील अग्रक्रम असे उघड धोरण म्हणूनच आले. रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली येथील कारखान्यांनी कृष्णाकाठचा कायापालट केला, हे नाकारता येणार नाही. धोरणाने काय घडते याचा हा पुरावा आहे, आणि धोरण थांबले नाही तर काय होते याचाही. ऊस हेच सुरक्षित पीक ठरल्यावर पाणी उसाकडे वळले; ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ व माण-खटावच्या दुष्काळी गावांना दीर्घकाळ डोळे लावून बसावे लागले.

याच ठिकाणी जपानचा अभ्यास खरोखर उपयोगी पडला असता, पण कित्ता म्हणून नव्हे. कारण जपानमध्येच दोन परस्परविरुद्ध उदाहरणे शेजारी शेजारी आहेत. मोटारधंद्याला आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाने (स्थापना १९४९) संरक्षण दिले, पण ते कायमचे नाही हे धंद्यास कळत होते. १९६५ मध्ये प्रवासी मोटारींची आयात खुली झाली, तोवर कारखाने स्पर्धेस सिद्ध झाले होते. भाताचे संरक्षण मात्र १९४२ च्या अन्ननियंत्रण कायद्यापासून वाढतच गेले. उत्पादन अति झाले तेव्हा १९७० च्या सुमारास भाताखालील क्षेत्र कमी करण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देण्याची योजना आली, आणि ती २०१८ पर्यंत चालली. शेतकरी वृद्ध होत गेले, शेते लहानच राहिली. २०२५ च्या वसंतात तांदळाची किरकोळ किंमत वर्षापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट झाली आणि सरकारी साठे खुले करावे लागले. माणसे तीच, शिस्त तीच, देशप्रेम तेच. फरक असलाच तर तो संरक्षणाला मुदत होती की नव्हती, याचा. ‘जपानचा कित्ता’ गिरवा असे सांगणाऱ्याने मोटारीचा की भाताचा, हे प्रथम सांगितले पाहिजे. पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री असताना प्रसार पावलेली ‘जपानी भातशेती’ पाटण व शिराळ्याच्या खाचरांत रोप ओळीत लावण्याची पद्धत शिकवू शकली. जपानच्या भातधोरणातील धोका शिकवणे तिच्या कक्षेत नव्हते.

१९९० नंतरचा इतिहास तर गुणवाचक मीमांसेचा उघड प्रतिवाद आहे. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला, स्वस्त कर्जाने जमिनी व समभाग यांच्या किमती फुगल्या, डिसेंबर १९८९ मध्ये निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला आणि कोसळला. ती उंची पुन्हा गाठण्यास २०२४ उजाडावे लागले. दरम्यान उपभोग कर ३ टक्क्यांवरून (१९८९) पायरीपायरीने १० टक्क्यांवर (२०१९) गेला, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीपलीकडे गेले, लोकसंख्या २००८ नंतर घटू लागली, आणि मध्यवर्ती बँकेने २०१६ ते २०२४ ऋण व्याजदर चालवून पाहिला. या काळात जपानी माणूस आळशी झाला असे कोणी म्हटलेले नाही. उलट अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ हे नाव पडले व तो टाळण्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला. जो गुण मराठी वाचकाने गिरवावा म्हणून सांगितला जात होता, त्या गुणापासून माणसांचे रक्षण करण्याची वेळ जपानी संसदेवर आली.

६

यावर एक आक्षेप संभवतो. नुसत्या धोरणाने काय होते? धोरणे अनेक देशांनी आखली. जपान एकच झाला. तेव्हा माणसांचे गुण गौण कसे? आक्षेपात तथ्य आहे. पण गुण हे कारण मानण्याऐवजी तेही एक फलित मानले तर विरोध उरत नाही. जपानमध्ये सार्वत्रिक शिक्षणाची योजना १८७२ मध्ये आली, टपाल बचत १८७५ मध्ये. शिस्त आणि काटकसर यांना संस्थांचा आधार मिळाला. कृष्णाकाठीही याचा दाखला आहे. भाऊराव पाटील यांनी ओगल्यांच्या कंदिलांची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत हा मुलूख पायाखाली घातला, आणि १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ज्या शेतकऱ्याला नांगर विकावयाचा त्याचा मुलगा शाळेत गेला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. उद्योगचरित्रात ते विक्रेते म्हणून येतात व शिक्षणचरित्रात कर्मवीर म्हणून. या दोन्ही भूमिका एकाच प्रक्रियेच्या आहेत हे दाखवणारे लेखन मराठीत अजून व्हावयाचे आहे.

तसेच खानापूर, आटपाडी भागातून भारतभर पसरलेले सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक आणि पाटण-जावळीतून मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत गेलेले माथाडी कामगार. उद्यमशीलता व कष्ट या निकषांवर ते कोणत्याही दृष्टान्तास उणे नाहीत. तरीही त्यांचे गुण गावाला कारखाना देऊ शकले नाहीत. माथाडींना संरक्षण मिळाले ते १९६९ च्या कायद्याने, म्हणजे संघटनेने व धोरणाने. त्यांची ‘यात्रा’ उद्योगवाङ्मयात आलेली नाही.

शेवटी एका शब्दसाम्याकडे लक्ष वेधणे उचित होईल. ‘अर्थव्यवस्था’ या अर्थी जपानी भाषेत रूढ असलेला ‘केइझाई’ हा शब्द जगाची व्यवस्था लावून प्रजेचे दुःख निवारण करणे अशा अर्थाच्या जुन्या चिनी पदबंधाचा संक्षेप आहे. मराठीतील ‘अर्थशास्त्र’ हा शब्दही कौटिल्याकडून आला, आणि तेथे तो राज्य चालवण्याचे शास्त्र या अर्थी होता. दोन्ही शब्दांच्या मुळाशी शासनाचे कर्तव्य आहे. मराठी उद्योगलेखनाने ते वगळून केवळ व्यक्तीचा उद्यम शिल्लक ठेवला. औंध संस्थानचे दप्तर, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, जकात मंडळापुढील साक्षी आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक ही साधने एकत्र वाचून हा वगळलेला भाग पुन्हा भरता येईल. हे काम भाषेच्या अभ्यासकाने एकट्याने करण्याचे नव्हे, आणि अर्थशास्त्रज्ञानेही एकट्याने करण्याचे नव्हे. ते होईपर्यंत ‘जपानचा कित्ता’ हा शब्दप्रयोग पदव्युत्तर निबंधांतून तरी काळजीपूर्वक वापरला जावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.